काटवटीतली शेवटची भाकरी

आणि वर म्हणायचीस, बाईमाणसाचं देवानंच ठरवून दिलंय! माय, देवानं नाय, माणसांनीच ठरवलंय सगळं, असं माझ्या पोरीच्या पुस्तकात छापलंय. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकते. गारखेड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोठ्यानं वाचते, मी भाकरी थापते. सामाजीकरण म्हणजे काय, तर लेकरू कोरं जन्मतं. कुणी आधी जेवायचं, कुणी खाली बघायचं, हे त्याला घर शिकवतं. पहिली शाळा आई. मी चौथीतून उठलेली बाई, पण एवढं कळलं. अंगाची लाही लाही झाली.

कारण वैजापूरची आपली चूल आठवली. पहिली टम्म फुगलेली भाकरी दादाला. काटवट खरडून उरल्या पिठाची शेवटची, जाड, बारकी भाकरी मला. एकदा मी तव्यावरची पहिली उचलली, तर तू हातावर उलथनं मारलंस. "पोरीच्या जातीला एवढी घाई नसती!" शाळेतून काढलंस तेव्हाबी तसंच, "पोरीच्या जातीला एवढं बास."

मॅडमनी पोरीला घरचा अभ्यास दिलाय. आठ दिवस बघा, घरात कोण कधी काय जेवतं, लिहून आणा. काल तिनं वही वाचून दाखवली. "शेवटची भाकरी आई रोज मला वाढते, भावाला एकदाही नाही." मी भडकले. "अगं, तुला आवडती म्हणून देते! तेल-तिखट लावून देते!" तर म्हणते कशी, "मला आवडते म्हणून तू देतेस, का तू देतेस म्हणून मला आवडते?"

माय, ते तेल-तिखट तूच लावायचीस. दादाच्या नकळत, पदराआड. म्हणून तर तेव्हा कधी राग आला नाय. आता येतोय, लई येतोय. नुसतं मारलं असतंस तर मी कधीच सुटले असते.

येत्या रविवारी पोरीला बघायला पाहुणे येतायत. त्यांना शिकणारी सून नको. कॉलेज आत्ताच सोडा, असा निरोप आहे. पोरीला शिकायचंय. हे म्हणाले, "तुझी लेक, पाहुण्यांशी तूच काय ते बोल." आणि बोलायला जावं तर तुझंच वाक्य जिभेवर येतं, एवढं बास.

तुला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकू? पिठाच्या डब्याखाली सारते. एक कबूल करते. आज ती शेवटची भाकरी पोरीला दिली नाय. उभ्या उभ्या मीच खाल्ली, तेल-तिखट लावून, आणि मला आवडली. खरंच आवडती, का तू आवडायला लावलीस? शनिवारपर्यंत सांग. रविवारी मला तोंड उघडायचंय.