अनैसर्गिक स्नेहबंध

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पुढे आत्मचरित्र लिहायला बसेन तेव्हा तारखा शोधत बसायला नको, एवढाच हेतू.

परिस्थिती अशी. बायकोने, म्हणजे मृणालिनीने, बँकेतली नोकरी सोडून गेल्या वर्षी इथे दुबईत अल कुसैसला छोटंसं किचन भाड्याने घेतलं. उकडीचे मोदक. ती उकड काढते, मोदक वळते, वाफवते, डबे भरते, पोचवते. बाकीचा सगळा व्याप, म्हणजे वेबसाइट, माझ्याकडे. नोकरीला मी शिपिंगमध्ये असलो तरी पिंड डिजिटल आहे.

सप्टेंबरात किचनचा करार संपतो. मृणालिनी म्हणाली, गणपतीचा सीझन नीट गेला तर किचन ठेवू, नाहीतर चावी देऊन टाकते आणि पुन्हा बँकेत जाते. म्हणताना उगाच ओट्यावरून हात फिरवत होती. मी म्हटलं, सीझन माझ्यावर सोड. ती काही बोलली नाही. गाढ विश्वास असा गप्पच असतो.

४ ऑगस्ट

स्नेहबंध योजनेची नोंद राहिली. गूगलचं गणित सोपं आहे. दुसऱ्याच्या वेबसाइटवर आपली लिंक असली की तो आपली शिफारस करतोय असं गूगल धरतं. शिफारशी जितक्या जास्त तितके आपण वर. लोक यासाठी एजन्सी लावतात. मी आपल्या मराठी मंडळात गेलो. तिथे प्रत्येकाचा काही ना काही धंदा आणि प्रत्येकाची वेबसाइट. हळदीकुंकवाला वाण लुटतात तशा लिंका लुटल्या. तू माझी लाव, मी तुझी लावतो.

एसीचा कॉन्ट्रॅक्टर अंबादास म्हणाला, हबीबी, तू नुसतं सांग, प्रत्येक पानावर टाकतो. टाकली. कमलिनीताईंनी त्यांच्या देरा भागातल्या टेलरिंगच्या दुकानाच्या पानावर ब्लाउजच्या मापांखाली टाकली. चाळीसेक घरं झाली. शिस्त म्हणून सगळ्यांना मजकूर एकच दिला: 'दुबईतले सर्वोत्तम उकडीचे मोदक'. बदल्यात आपल्या मोदकांच्या फोटोखाली 'एसी डक्ट क्लीनिंग', 'ब्लाउज चोवीस तासांत' वगैरे. पान कसं भरलेलं दिसतं.

६ ऑगस्ट, सकाळी ८

सहज गूगलवर 'उकडीचे मोदक दुबई' टाकलं. आपण नाही. दुसऱ्या पानावर नाही. नवव्या पानावरही नाही. पुण्यात कोणाचं तरी मोदक नावाचं मांजर आहे, ते मात्र आहे.

सकाळी ९

गूगलचा मेल सापडला. जुलैतच आला होता, जाहिरात समजून सोडला होता. म्हणे तुमच्या वेबसाइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत, सबब तुम्हाला शोधातून खाली ढकललं आहे. त्या काढा आणि मग फेरविचाराचा अर्ज करा.

अनैसर्गिक! अंबादासला मी दुबईत उतरल्यापासून ओळखतो.

मृणालिनीला सांगितलेलं नाही. ऑर्डरी तशाही रोज येताहेत. माझीच जुनी पुण्याई.

८ ऑगस्ट

अर्ज केला. लिंका काढल्या नाहीत, कारण प्रश्न तत्त्वाचा आहे. चार पानांत वाण, आहेर आणि शेजारधर्म समजावून सांगितला. संक्रांतीला आमच्या बायका एकमेकींना वाण देतात ते अनैसर्गिक असतं का, असा थेट सवाल केला. शेवटी 'गणपती बाप्पा मोरया'. शुभ्राला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, दे वोन्ट इव्हन फिनिश पेज वन. चौदाव्या वर्षी मुलांना वाचनाची गोडी नसते, त्यामुळे इतरांनाही नसेल असं वाटतं.

१४ ऑगस्ट

अर्ज नामंजूर. दोन ओळींत.

ठीक आहे. व्यवहार म्हणून लिंका काढायच्या. उद्या अंबादासपासून सुरुवात. गोड बोललं की कामं होतात.

१५ ऑगस्ट

गोड बोललो. अंबादास म्हणाला, म्हणजे गरज होती तेव्हा आमच्या कॉम्प्रेसरच्या शेजारी तुझा मोदक चालला, आता आम्ही अनैसर्गिक? वहिनींनी चहा आणता आणता परत आत नेला. मी घाईने म्हटलं, तुझी राहू दे, मी इतरांबद्दल बोलत होतो.

कमलिनीताईंना फोन. त्या म्हणाल्या, सूर्यकांत, दिलेला आहेर कोणी परत करायला सांगतं का? मी म्हटलं, छे छे. उलट त्यांची आणखी एक लिंक घेऊन बसलो.

निर्णय: मंडळाच्या लिंका ठेवायच्या. माणसं तोडून वर जाण्यात अर्थ नाही. पण गूगलला काहीतरी कापून दाखवायला हवं.

१६ ऑगस्ट

सापडली! सगळ्या लिंकांची यादी काढून बारकाईने तपासली. त्यात एक लिंक माझ्या योजनेत नाहीच. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनची कोणी हुमेरा. खाण्यापिण्यावर इंग्रजीत लिहिते. तिने मोदकांवर लांबलचक लेख लिहिलाय आणि मध्येच आपली लिंक दिलीय. मजकूरही सांगितलेला नाही, नुसतं 'या बाईंचे'.

या हुमेराला मी ओळखत नाही. तिला लिंक मागितली नाही. बदल्यात तिला काही दिलेलं नाही. तरी लिंक! याहून अनैसर्गिक काय असेल?

लेख पूर्ण वाचायला वेळ नव्हता. कडक मेल पाठवला: आमच्या पवित्र पदार्थाविषयीचा आपला मजकूर व लिंक चोवीस तासांत काढावी, अन्यथा पुढील कारवाई. खाली 'डिजिटल प्रमुख'. शिवाय गूगलला कळवलं की ही लिंक आमची धरू नका.

१७ ऑगस्ट

हुमेराचं उत्तर. माफी मागितली आणि लेखच काढून टाकला. काही माणसांना नुसता धाक पुरतो.

दुसरा अर्ज केला. या वेळी अर्धं पान. यल्ला, होऊन जाऊ दे.

१९ ऑगस्ट

फोन शांत आहे. काल एक ऑर्डर, आज एकही नाही. मृणालिनीने तांदळाची पिठी आणि नारळ पोत्याने आणून ठेवलेत. तिने विचारलं की वेबसाइटला काही झालंय का. मी म्हटलं, बाजारच थंड आहे. ती म्हणाली, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे. मी हसलो. ती हसली नाही.

२० ऑगस्ट

मृणालिनीने चौकशी आरंभली. गेल्या वर्षभरातल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून विचारतेय की आमचा पत्ता तुम्हाला कुठून लागला. मी म्हटलं, यांत्रिक अहवाल उपलब्ध असताना हे मागासलेपण आहे. तिने फोन चालू ठेवले.

२१ ऑगस्ट

बहुतेकांनी म्हणे एकच नाव सांगितलं. हुमेराचा लेख.

मला अचानक खोकला आला.

मृणालिनीने लेख उघडला. तिथे एवढंच होतं: मोदक करणाऱ्या बाईंच्या मिस्टरांच्या सांगण्यावरून लेख काढला आहे, कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व. तिने माझा मेल वाचायला मागितला. वाचला. दोनदा. मला वाटलं ओरडेल. ती फक्त म्हणाली की डिजिटल प्रमुखांनी शनिवारी गाडी काढावी.

२३ ऑगस्ट, शनिवार

उम्म अल कुवैन. मृणालिनीने पहाटे उठून मोदक केले. डबा वाटभर माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी स्वतः चालवली. खोबऱ्याचा वास येत होता. मागायची हिंमत झाली नाही.

हुमेरा मूळची हैदराबादची, आमच्यापेक्षा वयाने मोठी. ती म्हणाली, आइये, आइये, आणि आधी मलाच पाणी दिलं. नवरा आजारी असताना कोणा शेजारणीने तिला आपले मोदक आणून दिले होते. बरेच दिवस अन्नाला न शिवलेल्या त्या माणसाने पाठोपाठ तीन खाल्ले. म्हणून तिने लेख लिहिला. मेल वाचल्यावर तिला वाटलं, देवाचा पदार्थ, त्यावर आपण लिहिलं म्हणून तुमचं मन दुखावलं असेल. त्यामुळे लगेच काढला.

मृणालिनीने तिचा हात धरला आणि रडायला लागली. मी म्हटलं, गैरसमज तांत्रिक स्वरूपाचा होता. कोणी ऐकलं नाही. मला लाज वाटली. खरीच वाटली. इथे लिहून ठेवतो, कोण वाचतंय.

हुमेराने आतून तूप आणलं, मोदक फोडून त्यात ओतलं. खाण्याची पद्धत तिची बरोबर आहे.

२४ ऑगस्ट

हुमेराने लेख परत लावला. दुपारपासून मृणालिनीचा फोन वाजतोय तो थांबत नाही. माझ्या कालच्या शिष्टाईचा परिणाम.

२५ ऑगस्ट

दुसरा अर्जही नामंजूर. म्हणे चाळीस लिंका जागच्या जागी आहेत. मला नारळ खवायला बसवलंय. खलास, बोटं सोलून निघाली.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. नव्या ऑर्डरी घेणं मृणालिनीने बंद केलं. सकाळी तिने किचनच्या कराराला होकार कळवला आणि पुन्हा एकदा ओट्यावरून हात फिरवला. या वेळी बराच वेळ.

जेवताना हुमेराचा लेख अखेर पूर्ण वाचला. सुरेख लिहिते. शेवटी एक ओळ नवीन घातलीय: 'वेबसाइटवर जाऊ नका, तिथे मिस्टर असतात. थेट मृणालिनीला फोन करा.' खाली लिंक नाही, नंबर आहे. शुभ्रा म्हणाली, दॅट्स सो नॅचरल.

तरी वेबसाइट अगदीच वाया गेली असं नाही. आज संध्याकाळी तिच्यावरून सीझनमधली पहिली चौकशी आली. अल कुसैसमधल्याच एका गृहस्थांना एसीचं डक्ट साफ करून हवंय. अंबादासला पाठवली. त्याने लगेच फोन करून आभार मानले आणि घरी चहाला बोलावलं.

स्नेहबंध योजना यशस्वी.