ओठ बसला, माउथपीस बसेना

१४ नोव्हें. ९८
वरचा सूर आजही फुटला. ऐन वरातीत, गाण्याच्या चढावर ट्रम्पेट बोकडासारखं ओरडलं. घोड्यावरचा नवरासुद्धा हसला. इतकी वर्षं बँडात पुढं वाजवतोय, असं कधी झालं नव्हतं. माउथपीस ओठावर बसतच नाही. वर धरला तर घसरतो, खाली घेतला तर हवा सुटते.

१७ नोव्हें.
आरशासमोर सगळं करून पाहिलं. मधोमध, जरा डावीकडं, दात आवळून, सैल सोडून. जोरात दाबला तेव्हा सूर लागला, पण ओठ आतून कापला. जेवताना आमटी झोंबली आणि राग बायकोवर काढला. शकूचा काय दोष...

२० नोव्हें.
उलगडलं, तेही शकूमुळंच. आरशात बघत होतो तर मागून म्हणाली, "तंबाखू सोडल्यापास्नं खालचा ओठ बसलाय बघा तुमचा. माणसात आल्यागत दिसताय." खूश होऊन म्हणाली. मी गार.
शिकायला लागल्यापासून खालच्या ओठात तंबाखूचा बार भरल्याशिवाय माउथपीस तोंडाला लावलेला नाही. वस्तादांचं तसंच, म्हणून आमचंही. त्या फुगलेल्या ओठावरच माझी सगळी बैठक. गणपतीनंतर डॉक्टरांनी तोंडातला पांढरा चट्टा दाखवला, शकूनं डबी पंचगंगेत टाकली. डबीबरोबर बैठकही गेली.

२२ नोव्हें.
हुपरीला वस्तादांकडं. त्यांचे दात गेलेत, वाजवणं बंद. माझा ओठ चिमटीत धरून बघितला. "मीच तुला चुकीचं बसवलं की रं. मला तरी कुठं ठावं हुतं."
उपाय एकच, पहिल्यापासून शीक. ओठ मिटून नुसतं फुर्र करायचं, मग माउथपीस हलका टेकवायचा, दाबायचा नाही. एक हंगाम जाईल म्हणाले. लग्नसराई सुरू झालेली आणि मी फुर्र करत बसू?

२७ नोव्हें.
बाराच्या जागी ओठात कापूस ठेवला. भिजून गोळा, अर्धा गिळला. सुपारी घरंगळली. लवंगेनं ओठ बधिर. सकाळी फुर्र चालूच. शेजारी विचारतात, म्हैस घेतली काय. हसूही येत नाही.

२ डिसें.
बँडच्या मालकांनी रफिकला पुढं घेतलं. मी मागं, ढोलाशेजारी, खालचे सूर धरून. रफिक मधूनच वळून बघायचा, बरोबर चाललंय ना मास्तर, म्हणून. मान डोलावली. दुसरं काय करणार. त्याचा खालचा ओठ टम्म फुगलेला. त्याला मीच शिकवलंय.

८ डिसें.
उद्या मालकांच्या भाचीची वरात. म्हणाले, "उद्या पुढं तूच. न्हाय जमलं तर मग कायमचं मागं." हलका टेकवून मधले सूर आता स्वच्छ येतात. वरचा नाही. फार असहाय वाटतं.
येताना पानपट्टीवर थांबलो. नको नको म्हणत डबी घेतली. बँडच्या कोटात ठेवली.
मघाशी शकूनं कोट इस्त्रीला घेतला आणि डबी तिच्या हाताला लागली. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं कोट नीट इस्त्री केला, डबी होती त्याच खिशात परत ठेवली. मग विचारलं, "सकाळी फुर्र करायला उठवू नव्हं?"