चालू नंबर एकच

देवपूर, धुळे
२४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मी फोनवर आपल्या आकाशला सांगितलं, त्याने आजीला आणि आजीने तुमच्या कानाशी ओरडून. तोवर निरोपाचं झालं काय, तर मी कॉम्प्युटर सोडून एका लहानशा लायब्ररीत नोकरीला लागले! आबा, ही पुस्तकांची लायब्ररी नाही. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड आपण आपल्या कामात वापरतो, त्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. निरोपांचा असा चिवडा होतो, म्हणून हे पत्र.

आमच्या ॲपचंही नेमकं हेच दुखणं आहे. पारोळ्याकडच्या एका खाजगी कापूस बाजारासाठी आम्ही ते केलं. आता कुठल्या नंबरची गाडी मापाला जाणार, ते शेतकऱ्याला मोबाईलवर आणि गेटवरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं. बाजाराकडून नंबर बरोबर येतो, पण ॲपच्या आत तो एका भागाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो आणि वाटेत मागे पडतो. वरच्या पट्टीत ४१, खालच्या यादीत ३८. वर बघणारा गाडी पुढे काढतो, खाली बघणारा त्याची कॉलर धरतो. गेल्या आठवड्यात हाणामारी थोडक्यात टळली.

माझं म्हणणं, नंबर एकाच जागी ठेवावा आणि ज्याला हवा त्याने तिथूनच घ्यावा. त्याला ही लहान लायब्ररी पुरते. आमच्या ऑफिसचे मालक प्रेमराज सर म्हणतात, मोठ्या कंपन्या वापरतात तीच मोठी घ्या. तिच्यात एवढ्याशा नंबरासाठी चार ठिकाणी लिहीत बसावं लागतं आणि आमच्याकडे वेळ नाही. आठ तारखेला बाजाराच्या संचालकांसमोर चाचणी आहे. ती फसली तर काम दुसरीकडे जाईल आणि आमच्या ऑफिसला कुलूप लागेल. पप्पांनी बजावलंय, तसं झालं तर निमूट पुण्याला जायचं. मला नाही जायचं, आबा. ज्यांचं काम करते त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहायचंय मला.

आजीला नमस्कार. लोभ आहेच, या पत्राने थोडा वाढवून घ्यावा.

आपली,
संघमित्रा

जळगाव
२८ नोव्हेंबर २०२५

चि. संघमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखन बघून तुला मराठी मीच शिकवलं का, अशी शंका आली. पण मजकूर कळला. तू 'स्टेट मॅनेजमेंट' करतेस असं आकाश बोलून गेला. तेव्हापासून तुझी आजी गल्लीभर सांगत फिरते, की नात राज्य चालवते. मी तिला आवरत नाही, तूही आवरू नकोस.

तुझ्या बापाशी माझी जुंपली. युवराजचं एकच पालुपद, मोठं शहर, मोठी कंपनी, मोठा पगार. मी म्हटलं, मोठं मोठं म्हणताना तुझं तोंड कसं दुखत नाही. त्यावर तो रागावून जेवायचा राहिला आणि मग तुझ्या आजीने मला धारेवर धरलं. बाप आहे, त्याला तुझी काळजी वाटते. पण तू तुझ्या प्रेमराजसरांना तोंडावर सांग. मनातल्या मनात बरोबर असून उपयोग नाही.

माझा मित्र चुडामण आठ तारखेला त्याच बाजारात कापूस नेतोय. मी येणार. मला एकट्याला सोडायला तयार नाही म्हणून तुझा बापही येणार. नको म्हणू नकोस.

तब्येतीला जप, जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
आबा

देवपूर, धुळे
३ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही येणार हे कळल्यावर मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं. पप्पाही येणार हे वाचून पाणी प्यायले.

सरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, कर. पण फसलं तर संचालकांपुढे तुझं नाव घेईन. मी म्हटलं, जमलं तरी घ्या.

आजीला सांगा, स्टेट म्हणजे राज्य नाही, ॲपची या घटकेची स्थिती. आमचं सगळं राज्य एका नंबराएवढं! आणि तेही पहिल्याच दिवशी बुडालं होतं. नंबर आत बदलत होता, पडद्यावर मात्र ढिम्म. मी रडकुंडीला आले. मग लक्षात आलं, चूक माझीच. डब्यातली भाजी मी बदलत होते, पण डबा तोच पुढे करत होते. ही लायब्ररी फक्त डबा नवा आहे का एवढंच बघते. तोच दिसला की काही बदललंच नाही असं समजून गप्प बसते. दर वेळी नवा डबा द्यायला लागल्यावर वरची पट्टी, खालची यादी, सगळं एकदम हललं. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. ऑफिसातली मोहिनी म्हणाली, आता वेड लागायचं तेवढं राहिलंय.

तरी आबा, ऑफिसात चाललं म्हणजे बाजारात चालेलच असं नाही. भीती वाटतेय, आणि ती तुम्हालाच सांगू शकते.

लोभ करता तसाच करत राहावा.

आपली,
संघमित्रा

जळगाव
९ डिसेंबर २०२५

चि. संघमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि तोंडभर शाबासकी.

काल तू वजनकाट्याच्या खोलीत होतीस, त्यामुळे गेटवर काय झालं ते तुला कळलं नसणार. सकाळपासून शेतकरी मोबाईलला मोबाईल लावून चूक शोधत होते. वर बघ, खाली बघ, पडद्यावर बघ. चूक सापडेना तेव्हा काहीजण चक्क हिरमुसले. चुडामणचा नंबर आला आणि तेवढ्यात एका बड्या असामीचा ट्रक मागून येऊन थेट गेटला लागला. गेटवाल्याने सवयीने साखळी काढली. तेव्हा एकाने मोबाईल वर धरला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने. एक म्हातारा शांतपणे अहिराणीत म्हणाला, "बठ्ठासना मोबाईलवर एकच नंबर शे. चुडामणना शे." ट्रकवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

पोरी, रांग म्हटली की मला अजून धडधडतं. लहानपणी आपली पाळी आली तरी थांब म्हणायचे, आणि का ते विचारायची सोय नव्हती. काल कोणी आवाज चढवला नाही, कोणी हात जोडले नाहीत. नंबर पुरला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

प्रेमराजसरांनी शब्द पाळला. संचालकांपुढे तुझं नाव घेतलं, वर चोपड्याच्या बाजाराचंही काम मिळवलं. ऑफिसचं कुलूप आता फक्त रात्री लागेल.

आता तुझ्या बापाचं सांगतो. मला घेऊन दुपारीच परतायचं म्हणून तो घाई करत होता. निघताना बघतो तर साहेब गायब. शोधलं, तर गेटजवळ शेतकऱ्यांच्या घोळक्यात उभा, एकेकाचा मोबाईल हातात घेऊन नंबर कुठे बघायचा ते शिकवतोय. एकाने विचारलं, हे पुण्याहून आणलं का. तुझा बाप ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नही. मनी पोर धुळाले राहस. तिनं काम तठेच शे."

आमची गाडी चुकली. माझा लोभ तुला मागावा लागत नाही, तो आहे.

तुझा,
आबा