जाड सुया

४ मार्च
गाडी खोकते! चढावर पाय दाबला की आतून फाट्-फाट्. जागेवर उभी असली की मांजरीसारखी गुरगुरते. मग चढावरच काय दुखतं बाईला?
येताना फाटकाच्या खांबाला पुन्हा घासली. खांबच वाकडा आहे मेला.

६ मार्च
प्लग काढले. पांढरेफटक! म्हणजे हवा फार, पेट्रोल कमी — खाणारी तोंडं वाढली नि रांधणारे हात तेवढेच. कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट खालीवर करून पाहिला, व्यर्थ.
लेक म्हणाली, "बाबा, थकली ती आता. देऊन टाका तुमच्या दोस्ताला, घड्याळजींना. कधीचे मागतायत."
गाडी थकली, की माझे हात?

९ मार्च
घड्याळजीला हो म्हणून आलो. मग गाडीत नुसताच बसून राहिलो.

१० मार्च
देण्याआधी साफ करावी म्हणून दोन कार्बोरेटरांपैकी पुढचा उघडला. पिस्टनखाली सुई लोंबते, ती जेटच्या भोकात वरखाली होते. सुई जितकी बारीक, तितकं पेट्रोल बाजूनं जास्त वर येतं. माझी सुई कमरेत बारीक होती. बोटांनी चाचपली — ही ठोंबी, हिला कंबरच नाही! उभ्या गाडीला सुईचा वरचाच भाग लागतो, म्हणून कळलं नाही. चढावर मात्र उपासमार.
सुई आपोआप बदलत नाही!
तडक घड्याळजीकडे. असल्या बारीक कामात हात त्याचा, नि गाडीवर डोळाही त्याचाच. भर दुकानात ओरडलो, "केसानं गळा कापलास!" डोळ्याचं भिंग न काढता म्हणतो, "म्हाताऱ्या, लुटायचंच असतं तर अख्खी गाडी पळवली असती. सुया काय टोचत बसू?" वर हसला! सगळ्या जन्माची दोस्ती — आज संपली.

११ मार्च
मागचा कार्बोरेटर उघडायला बसलो. टोपणाच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं नि थबकलो. सगळ्या खाचा उभ्या, एका दिशेला. ही खोड माझी. घड्याळजीची नव्हे; आणखी एकीची. ती एवढीशी असताना स्टुलावर उभी करून शिकवलं होतं — "काम संपलं की खाचा रांगेत, शाळेतल्या पोरांसारख्या."
लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. जाड सुई तिच्यापुढे ठेवली. मान वर न करता म्हणाली, "गाडी थकली म्हटलं तर तुम्ही ऐकाल. डोळे थकले म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?"
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! जेवलो नाही. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.
— बसवली मात्र कशी चोख! सुईचा खांदा पिस्टनशी इतका सपाट की नख अडकत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

१३ मार्च
जुन्या सुया लेकीनं आणून दिल्या — तेल लावून, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या. बसवल्या. किल्ली फिरवली नाही. ओळंबा घेऊन फाटकाशी गेलो. दोनदा लावून पाहिला.
खांब सरळ आहे.
घड्याळजीकडे जायचंय. चालतच जातो.