तक्ता ४.३ मधली ओली दोरी

५ मार्च, मंगळवार
रेणूचा लॅपटॉप आज उघडला. दसऱ्यापासून कपाटात साड्यांखाली होता. हिनंच ठेवला होता, माझ्या नजरेला पडू नये म्हणून. पासवर्ड मागितला तर ही म्हणाली, "सांगते, पण काही पुसू नका." मी काय पुसणार? पस्तीस वर्षं प्रेसमध्ये खिळे जुळवले, पुढं कॉम्प्युटरवर कंपोझिंग केलं, कुणाचं अक्षर गाळलं नाय. पण लेकीच्या बाबतीत बायकोनं माझा भरवसा धरावा असं मी वागलो कुठं?

प्रबंध तसाच पडलाय. पैठण रोडच्या गावांतल्या विहिरी आणि अंगावर येणारं शहर, असा विषय. लिहून जवळजवळ पूर्ण. मुदत तीस एप्रिल. तोवर दिला नाय तर नोंदणी रद्द, सहा वर्षांची मेहनत गेली. रेणू पुण्यात कुठल्याशा कंपनीत लागलीय. म्हणते, मला आता त्यातलं काही नको. हे ती हिला म्हणते. माझ्याशी बोलत नाय.

६ मार्च
फाईल बघून डोकं गरगरलं. पान असं दिसतच नाय. नुसत्या आज्ञा, महिरपी कंस, मधूनमधून मराठी.

नसरीनला फोन केला. रेणूची मैत्रीण, दोघी एकाच सरांकडं. नसरीनचा प्रबंध होऊन गेला, आता कॉलेजात शिकवते. म्हणाली, "काका, ते लाटेक नावाचं सॉफ्टवेअर आहे. आपण फक्त सांगायचं, मांडणी तो करतो."
"म्हणजे तो कंपोझिटर आणि मी गिऱ्हाईक?"
हसली. मग म्हणाली, "रेणूला सांगू का?"
म्हणलं, नको. आधी काहीतरी होऊ दे हातून.

९ मार्च, शनि.
अडलंय कुठं ते सापडलं. तक्ता ४.३. सात गावं, त्यांच्या विहिरी, कार्तिक ते वैशाख दर महिन्याचं माप. विद्यापीठातल्या समितीनं ह्याच तक्त्यावर बोट ठेवलं होतं. रेणूनं तो दुरुस्त करायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. कुठं ओळ तुटलेली, कुठं रकाना जादा. शेवटचे दोन महिने कागदाच्या बाहेर. फाल्गुनानंतर पानच संपतं.

मशीन खाली इंग्रजीत कुरकुरतं, इतके पॉइंट बाहेर गेले म्हणून. पॉइंट मात्र आपलाच, छापखान्यातलं माप. सगळ्या परक्या जत्रेत एक ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

शेजारच्या प्लॉटवर बोअर चालू आहे. चार मजली होणार म्हणे. भिंती हादरतात. आठ दिवसांनी नळ आला, तोही अर्धा तास.

१३ मार्च, बुध.
नसरीन आली, दुपारी. हिनं चहा टाकला आणि मग कपाळावर हात मारून घेतला, कालपासून रोजे. "असू द्या काकू, काकांना द्या, त्यांचं डोकं तापलंय."

शिकवलं तिनं. & आला की पुढचा रकाना. \\ आलं की ओळ संपली. एवढंच. मी रागावून म्हणलं, हे एवढंच असेल तर दोन दिवस मला का छळतंय? तिनं बघितलं आणि एका जागी बोट ठेवलं. ओळ संपल्याची खूण राहिली होती आणि मी खाली आडवी रेघ मागत होतो. ओळ बंद केल्याशिवाय रेघ कशी पडंल? चूक माझीच. प्रेसमध्ये असतो तर दुसऱ्याला ह्याच्यावरून तासभर बोललो असतो.

जाताना नसरीन म्हणाली, "तिनं हा तक्ता लई वेळा लावायचा प्रयत्न केला काका. रडायची."

१४ मार्च
तक्ता आडवा फिरवला. बसला. सगळे महिने पानात आले. हिला बोलावून दाखवलं. ही बघत राहिली आणि म्हणाली, "तिच्याबरोबर असं बसला असतात तर."
जेवण गेलं नाय.

१६ मार्च, शनि.
लिहून टाकतो एकदा.

आमच्या गावच्या पाच विहिरींची मापं मी घेतली होती. चितेगावच्या पुढं आमचं गाव, मी तसाही महिन्यातून एकदा जायचोच. रेणू म्हणाली, "अण्णा, तेवढं गाव तू कर, मला सहा बास आहेत." दोरीला मीटरच्या गाठी मारून दिल्या. मला लई आनंद झाला होता. सातवी शिकलेला बाप आणि लेकीच्या पीएचडीत हात.

समितीत कुणीतरी विचारलं, ह्या एका गावात उन्हाळ्यात पाणी वर कसं येतं? रेणू म्हणाली, वडिलांनी मोजलंय. तर ते गृहस्थ म्हणाले, घरबसल्या आकडे भरून प्रबंध होत नसतो. सगळे हसले म्हणे.

दसऱ्याला घर माणसांनी भरलेलं. सोनं द्यायला माझ्यापुढं वाकली, तेव्हा हळूच विचारलं, "अण्णा, तू दोरी नेमकी कुठून मोजलीस?" एवढंच विचारलं होतं पोरीनं. मी सगळ्यांसमोर ओरडलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढल्या मी, माझ्या मापात चूक काढतेस? तुला झेपत नाय तर सोड, बापावर ढकलू नको. तुझी लायकीच नव्हती.

हे शेवटचं वाक्य. ते मी बोललो. आपट्याची पानं तिच्या हातातच राहिली. दोन दिवसांनी पुण्याला गेली.

१९ मार्च, मंगळ.
तक्ता बसलाय, पण आकडे वेडेवाकडे. दशांशाची टिंबं एकाखाली एक नाहीत. असा तक्ता मी कधी मशीनवर चढू दिला नसता. नसरीननं लाटेकला जोडायचं एक पॅकेज सांगितलं, ते इंग्रजी आकडे झक्क लावतं, मराठी आकडा दिसला की तोंड फिरवतं. तिनं विचारलं, "इंग्रजी आकडे करू या का?" नाय म्हणलं. रेणूनं मराठीत लिहिलंय, मराठीतच राहील.

मग जुनी रीत आठवली. एका रकान्याचे दोन करायचे. पूर्णांक उजवीकडं टेकवायचा, अपूर्णांक डावीकडं, मध्ये टिंब पक्कं. आम्ही खिळ्यांत असंच करायचो. नसरीन म्हणाली, होतं असं इथंही. दोघांनी मिळून केलं. टिंबं अशी सरळ आली की बघत राहावं.

२० मार्च
सकाळी प्रिंट काढून आणली आणि खुर्चीत बसून निवांत बघितली. मग लक्षात आलं.

आज लिहवत नाय.

२१ मार्च, गुरु.
टिंबं सरळ झाल्यावर आकड्यांचा आकार दिसतो. सहा गावांचे आकडे कार्तिकात एक अंकी, वैशाखाकडं जाता जाता दोन अंकी. पाणी खाली खाली जातंय. आमच्या गावचे बरोबर उलटे. साताला सुरू होऊन एकाच्या आत येतात.

मी ओली दोरी मोजली होती.

आमचा बाप मेंढरं राखायचा. परक्या शिवारात विहीर दिसली की दगड बांधून दोरी तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, ओली किती झाली ते हातानं मोजायचं. तेवढ्यावरून कळप पाणी पितो की पुढं हाकायचा, ते ठरायचं. मला दोरी सोडायला शिकवली ती अशी. पाणी किती खाली आहे हे आमच्यात कुणी विचारत नाय. पाणी किती आहे, हे विचारतात. रेणूला पाहिजे होती कोरडी दोरी, काठापासून पाण्यापर्यंतची. ती मी मोजलीच नाय. सात महिने मान ताठ करून चुकीचे आकडे आणून दिले. "कुठून मोजलीस" म्हणाली होती ती. तिला कळत आलं होतं.

हिला सांगितलं. तिनं भाजी चिरायची थांबवली नाय. थोड्या वेळानं म्हणाली, "मला नका सांगू. मी काय करू त्याचं?"

२२ मार्च
नसरीनला सांगितलं. ती म्हणाली, "काका, विहिरीची पूर्ण खोली माहीत असली तर त्यातून वजा करता येईल." हे मला सुचायला पाहिजे होतं.

२४ मार्च, रवि., होळी
गावी गेलो. चुलतभाऊ भानुदास बरोबर. त्याच्या मोटरसायकलवर चार विहिरी फिरलो. सगळ्यांचे तळ दिसतात, चिखलसुद्धा वाळून भेगाळलाय. त्यामुळं खोली मोजायला काहीच त्रास नाय. दुष्काळाचा एवढा एक फायदा.

भानुदासला सांगितलं, मी कसं मोजलं होतं ते. तो म्हणाला, "बरोबरच मोजलं की दादा. ओलीच मोजतेत. कोरडी दोरी मोजून काय प्यायचंय?" मी हसलो, मग रेणूचं 'कुठून मोजलीस' आठवलं आणि रस्त्यातच गाडी थांबवायला लावली. त्याला वाटलं चक्कर आली.

पाचवी, लिंबाजवळची, नाय. बुजवली. तिथं आता प्लॉटिंग, चुन्याच्या रेघा, कमान, वर गुलाबी अक्षरात कुठल्याशा 'सिटी'चं नाव. शेत भानुदासच्या साडूचं होतं. "आजा सांगायचा, आठ परस खोल," भानुदास म्हणाला. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की होतो तेवढा. आजा केवढा होता, दोघांनाही आठवेना. अंदाजानं लिहावं असं क्षणभर मनात आलं. नाय लिहिलं.

२८ मार्च
आकडे बदलले. एका विहिरीच्या १२.४ मधून कार्तिकाचे ७.९ गेले, राहिले ४.५. वैशाखात ०.८ गेले, राहिले ११.६. एकेक घर स्वतः भरलं, नसरीनकडून तपासून घेतलं. आता आमचं गाव बाकीच्या सहांसारखंच. पाणी जातंय तसं जाताना दिसतं. लिंबाजवळच्या विहिरीपुढं सातही घरांत आडवी रेघ.

३ एप्रिल, बुध.
सुधारणा कुठून आली हे सांगायला पाहिजे, नाय तर पुन्हा तिच्यावर शिंतोडा. तक्त्याखाली टीप लिहिली. दहा वेळा खोडून अशी ठेवली :

"या गावच्या नोंदी संशोधिकेच्या वडिलांनी घेतल्या. त्यांनी पाण्याची पातळी न मोजता पाण्याची खोली मोजली. चूक त्यांची आहे. विहिरींची पूर्ण खोली पुन्हा मोजून आकडे दुरुस्त केले आहेत. पाचवी विहीर बुजवल्यामुळे तिचे आकडे दिलेले नाहीत."

पीडीएफ केली तर आकड्यापुढं चांदणीची खूण दिसते, खाली टीप गायब. पुन्हा केली. गायब. पूर्ण दुपार गेली. मनात आलं, आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करतोय आणि ती छापायला मशीन तयार नाय.

४ एप्रिल
नसरीन म्हणाली, तक्त्याच्या आत साधी टीप टिकत नाय, तिच्यासाठी तक्त्याला वेगळं वेष्टण लागतं. लावलं. उतरली टीप, तक्त्याच्या रुंदीत, लहान अक्षरात.
नसरीननं वाचली. "काका, 'चूक त्यांची आहे' हे वाक्य प्रबंधात चालतं की नाय, माहीत नाय."
राहू दे म्हणलं.
तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि रोजा सोडायला घरी गेली.

९ एप्रिल, पाडवा
गुढी उभी केली. तक्त्याची पीडीएफ रेणूला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सोबत काय लिहू? लई लिहिलं, सगळं काढलं. शेवटी, "रेणू, ओली मोजली होती. तुझं बरोबर होतं. जे बोललो ते बोलायला नको होतं. अण्णा."
तासाभरात दोन निळ्या खुणा. उत्तर नाय.

१२ एप्रिल
हिला रेणूचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत. आत बोलणं चाललेलं, गॅस, उन्हाळा, डबा. माझ्याबद्दल काही नाय. ही मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "इथंच आहेत, देऊ का?" मग हिचं, "बरं बरं. राहू दे."

फोन ठेवून ही बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली.

१४ एप्रिल, रवि.
मेसेज आला. दुपारी जेवताना. आधी वाटलं टँकरवाल्याचा.

"तक्ता बघितला. बरोबर आहे. टीप काढून टाका."

एवढंच. अण्णा नाय, नाव नाय, नेहमीचं 'तू'सुद्धा नाय. प्रबंध देणार की नाय, तेही नाय.

हिला वाचून दाखवला. ही लगेच रडायला लागली, म्हणाली, पोरीनं मनातला राग काढून टाकला बघा, तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून म्हणतेय. असेल. पण मला असंही वाटतं की तिला तिच्या कामात मी कुठंच नको असेन. चुकलेला बापसुद्धा नको. हे हिला बोललो नाय.

नसरीनला विचारलं. म्हणाली, "काका, ते मी कसं सांगू? तिलाच विचारा."

टीप काढली. पाच ओळी, एका फटक्यात गेल्या. पीडीएफ केली. तक्ता लई देखणा दिसतो. कुणी मोजलं, कुठं चुकलं, काही कळत नाय. थोडा वेळ बघत बसलो आणि टीप परत घातली. दोन्ही फाईली ठेवल्यात आता.

मुदतीला सोळा दिवस आहेत. ही म्हणते रविवारी रेणू सहानंतर खोलीवर एकटी असते. फोन चार्जिंगला लावलाय. पावणेसहा झालेत.