‘अंदाजाने’ या शब्दाविरुद्ध

तीर्थरूप वहिनी,

कंबर परवानगी देते तितका वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, दादाचा खोकला गेला का, आणि तो खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले ते विचारतो (स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना), ती सवय सुटली का, हे सगळं सविस्तर कळवा. मी ठीक आहे. तुमची जाऊही ठीक आहे, पण सध्या ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि काम फारसं नसतं.

तुमचं पत्र मिळालं. एकूण चार ओळी. तीन ओळींत ‘बाईंची माफी मागून मोकळे व्हा’ आणि चौथीत सही. तुमच्या जावेने फोनवर तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि ती अर्धंच सांगते, तेव्हा तुमच्यापर्यंत पाव भाग पोचला असं धरून उरलेला पाऊण मी लिहितो. वहिनी, तुमचा शब्द मी आजवर दोनदाच मोडला आहे. एकदा सायकलवरून उतरायला सांगितलंत तेव्हा आणि एकदा मिशी काढायला सांगितलीत तेव्हा. ही तिसरी वेळ. मी माफी मागणार नाही. छापखाना राहिला काय आणि गेला काय, मागणार नाही.

झालं ते असं. आमच्या छापखान्यात एक पाककृतींचं पुस्तक आलं, रोजच्या साध्या जेवणाचं आणि जेवणानंतरच्या गोडाचं. लेखिका म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, ताठ, आणि समोरच्याकडे अशा बघतात की आपण गृहपाठ घरी विसरून आलो आहोत असं वाटतं. प्रुफं तपासायला माझ्याकडे आली. एकतीस वर्षं हेच काम करतोय, आणि त्यात एक नियम मी कधी मोडला नाही: वेलांटी माझी, अर्थ लेखकाचा. अर्थामध्ये काही खटकलं तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि गप्प बसायचं. (तुमची जाऊ म्हणते, हा नियम मी घरीही पाळला असता तर संसार सोन्याचा झाला असता.)

तर बटाट्याच्या सुपात चार माणसांसाठी ‘दोन मुठी मीठ’ असं छापून आलं. मी प्रश्नचिन्ह काढलं. प्रुफं बाईंकडे गेली आणि परत आली. प्रश्नचिन्हाशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, ‘जसे आहे तसे ठेवावे.’ मला वाटलं, असेल. मला स्वयंपाकातलं काय कळतं? मी आयुष्यभर फक्त चहा केला आहे, आणि तोही तुमची जाऊ रुग्णालयात ड्युटीवर असली की. पण रविवारी घरी कोणी नव्हतं, बटाटे होते, मीठ होतं, आणि मुठीही माझ्याच होत्या. केलं सूप. पानावर लिहिलं होतं तसंच, अक्षरशः. तुमची जाऊ ड्युटीवरून आली, पहिला चमचा घेतला, चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “आम्ही एवढं मीठ रोग्याला नळीतून देतो. थेंबाथेंबाने, आठवडाभर.”

तिथे मी थांबायला हवं होतं. पण एकदा मनात शंका आली की मला दुसरं काही सुचत नाही. मी पेन्सिल घेऊन अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं. ‘अंदाजाने’ एकसष्ट वेळा. ‘होईपर्यंत’ त्रेचाळीस वेळा. वहिनी, ‘होईपर्यंत’ म्हणजे किती वेळ? पावाची एक गोड पाककृती होती. पाव दुधात भिजवून, त्यात फेटलेली अंडी आणि साखर घालून, डब्यात भरून, तो डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून ‘होईपर्यंत’ वाफवायचा. मी पुढच्या रविवारी तेही केलं. दर पाच मिनिटांनी झाकण काढून ‘झालं का’ म्हणून बघत होतो, पण झालं की ते कसं दिसतं हेच मला माहीत नव्हतं. तेवढ्यात पातेल्यातलं पाणी संपलं. पाणी संपतं, ते पुन्हा घालावं लागतं, हे पानावर नव्हतं. आता तो डबा आणि ते पातेलं मिळून एकच भांडं झालं आहे. तुमच्या जावेने ते फडताळावर मांडून ठेवलंय आणि आलेल्यागेलेल्याला दाखवते.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कोणी भांडत नाही. खरं आहे. मी भांडलो ते बाइंडरकाकांवरून. काका म्हणजे आमच्याकडे पानं दुमडून शिवणारे, माझ्याआधीपासून तिथे आहेत. मागच्या वर्षी त्यांची बायको गेली. तेव्हापासून दुपारी डब्यात पाव असतो आणि रात्रीही पावच असावा, असा आम्हा सगळ्यांचा तर्क होता. कोणी विचारलं नाही, कारण विचारून करायचं काय? तर या काकांनी माझ्या टोपलीतली रद्द झालेली प्रुफं घरी नेली होती. मला वाटलं, पुड्या बांधायला. पंधरा दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले, घडी घातलेलं सुपाचं पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “जमलं नाही हो मला. माझा हातच वाईट असणार.”

मी म्हटलं, “काका, खारट झालं होतं का?”

“होतं थोडं. पण टाकलं नाही. पाणी घालून घालून तीन दिवस खाल्लं.”

वहिनी, त्यांना वाटत होतं की चूक त्यांची आहे. छापलेलं आहे म्हणजे ते बरोबरच असणार, आणि नवशिका माणूस चुकणारच. मला इतका संताप आला की कान तापले. असं पुस्तक विकत घेतं कोण? जिला येतं ती घेत नाही. ज्याच्या घरातला करणारा हात गेला, तो घेतो. आणि त्या माणसाला आपण काय सांगतो, तर अंदाजाने घाला. अहो, अंदाज असता तर तो पुस्तकाच्या वाटेला कशाला गेला असता?

दुसऱ्या दिवशी ते सुपाचं पान असलेला सोळा पानांचा फॉर्मा यंत्रावर जायचा होता. त्यावर ‘छापण्यास हरकत नाही’ अशी माझी सही लागते. मी लिहिलं, ‘हरकत आहे.’ एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी पहिल्यांदाच लिहिले, आणि खरं सांगतो, अक्षर फार सुंदर आलं. मालक आले, आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग पाणी प्यायले आणि बाईंना फोन केला. बाई तासाभरात हजर. हातात छत्री, आणि ऊन-पाऊस दोन्ही नव्हतं.

त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाल्या, “चिमटी लिहायचं होतं, मूठ झालं असेल. पण ज्याला थोडी अक्कल आहे त्याला ते कळतंच.”

मी म्हटलं, “बाई, ज्याला अक्कल आहे तो तुमचं पुस्तक विकत घेणार नाही.”

(हेच ते वाक्य. यावरूनच सगळं पेटलं. मला म्हणायचं होतं वेगळं, बाहेर पडलं वेगळं, पण बाहेर पडलं ते मी परत घेणार नाही.) मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, या गृहस्थांनी लेखी माफी मागितल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही. मी म्हटलं, नका छापू. पण इथे मागच्या खोलीत शेगडी आहे, बांधणीची खळ शिजवायची. बटाटे मी आणतो. तुमचंच पान काका वाचतील, आणि वाचतील तेवढंच तुम्ही करायचं. त्यापलीकडे काही नाही.

मला वाटलं, बाई छत्री उचलून निघून जातील. पण त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, “पातेलं कुठे आहे?” तेवढ्यापुरता मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, हे कबूल करतो.

सगळा छापखाना दारात उभा. काका एकेक वाक्य वाचायचे आणि थांबायचे. कांदा परता. बटाटे घाला. पाणी अंदाजाने. बाईंनी तांब्या उचलला तसा मी तो धरला आणि विचारलं, किती? म्हणाल्या, हे काय, एवढं. मी म्हटलं, ‘हे काय एवढं’ पानावर नाही. बाई, तुमचा हात पुस्तकाबरोबर येत नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी डोळे मिटून पाणी ओतलं, हट्टानेच. पुढे ‘उकळावे’ होतं, पण आच कमी करावी असं कुठे नव्हतं, म्हणून मी कोणालाही शेगडीला हात लावू दिला नाही. सूप उतू गेलं, शेगडीवर गेलं, तिथून कागदाच्या रिमांखाली गेलं. मालकांनी डोक्याला हात लावला. आणि मीठ अजून यायचंच होतं.

बाई एका गठ्ठ्यावर बसल्या. काकांकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही खरंच तीन दिवस खाल्लंत?” काका म्हणाले, वाईट नव्हतं, बटाटे चांगले होते. बाई म्हणाल्या, “मला कोणी मोजून शिकवलंच नाही. आईच्या शेजारी उभी राहिले, झालं.” मग माझ्या खिशातली पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि पहिल्या ‘अंदाजाने’वर काट मारली.

तेव्हापासून बाई रोज तीन वाजता येतात. वाटी, चमचा, घड्याळ घेऊन. बटाट्याचं सूप झालं, अंडी-भात झाला, टोमॅटोचा रस्सा झाला, सफरचंदं साखरेत शिजवून झाली. काका वाचतात, बाई करतात, मी मोजतो, आणि शेवटी काका जेवतात. आता अंडी-भात तर ते घरीही करतात. यंत्रचालकाचं वजन वाढलंय. मालक म्हणतात, हा छापखाना आहे की खानावळ, पण ताटली तेही घेतात.

एवढं सगळं सुरळीत असूनही बाई माफीवर अडून आहेत. आच दुरुस्त केली, मीठ दुरुस्त केलं, आता तुमची जीभ दुरुस्त करा म्हणतात. मालक म्हणतात, एक ओळ लिहून टाका. तुमची जाऊ म्हणते, लिहून टाका. आता तुम्हीही. वहिनी, मी खरं तेच बोललो. उद्या सगळं जग एका बाजूला झालं तरी मी दुसऱ्या बाजूला उभा राहीन, एकटा, मिशीसकट. हे तुम्ही कितीही मोठ्या असलात तरी तुम्हाला सांगणं भाग होतं.

दादाला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा, न वाकणारा दीर

ता. क. माफी काल दिली. तुमची जाऊ म्हणाली की माझी मान ताठ राहावी म्हणून काकांनी आणखी किती दिवस सुट्या कागदांवरून शिजवायचं? मी कागद ओढला. एक ओळ लिहिली: ‘माझ्या बोलण्याबद्दल दिलगीरी व्यक्त करतो.’ बाईंनी ती वाचली, ‘दिलगिरी’ची गी लाल शाईने ऱ्हस्व केली आणि कागद मला परत दिला. मी तो दुरुस्त करून पुन्हा लिहिला. हे दादाला सांगू नका.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. पावाची ती गोड पाककृती बाईंनाही शब्दांत बसवता येईना, म्हणून काढून टाकली, आणि चौसष्टावं पान रिकामं पडलं. बाई म्हणाल्या, तुमच्याकडचं काही आहे का? माझ्या तोंडून निघून गेलं, दुधात शिजवलेला भात. मला ताप आला की तुम्ही करायचात तो. मी तिथल्या तिथे लिहून दिला: तांदूळ एक वाटी, दूध सहा वाट्या, साखर अर्धी वाटी, चाळीस मिनिटं. बाईंनी विचारलं, करून पाहिलाय? मी म्हटलं, आमच्या घरी वर्षानुवर्षं होतो. हे खोटं नाही, पण वहिनी, मी तेव्हा तापाने फणफणून शेजारच्या खोलीत पडलेलो असायचो. मला नुसता पळीचा आवाज यायचा. साखर केव्हा पडली ते आवाजावरून कळत नाही. गेल्या चार दिवसांत तीनदा केला. पहिला करपला. दुसऱ्यात साखर आधी घातली तर तांदूळ कच्चेच राहिले. तिसरा काकांनी चाखला आणि फार सभ्यपणे विचारलं, हा खळीत घालू का. फॉर्मा गुरुवारी यंत्रावर जातो आणि त्यावर माझी सही आहे, हरकत नाही म्हणून. तेव्हा साखर किती, केव्हा, आणि आच किती, हे उलट टपाली कळवा.

ता. क. ३. लिहिता लिहिता लक्षात आलं की तुम्हीही कधी मोजलं नसणार. तसं असेल तर पत्र लिहीत बसू नका. मंगळवारी सकाळच्या गाडीने मीच निघतो. घड्याळ आणि वाटी घेऊन ओट्याशी उभा राहीन, तुमचा हात अडवणार नाही. भात मात्र जरा जास्त करा. एक डबा काकांसाठी न्यायचा आहे, आणि या खेपेला मला ताप नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरातच बसून खाईन.