ओट्याखाली बसलेलं मशीन

अक्का,
चाळीसगावच्या घरी सगळ्यांना नमस्कार. पुण्यात बठ्ठं बरं शे, सगळं ठीक, जेवतोही वेळेवर. आबांचा गुडघा कसा आहे?

काल एका गिऱ्हाइकाकडे ओट्याखाली भांडी धुण्याचं मशीन बसवत होतो. घरमालकांनी जुन्या फरशीवर नवी फरशी टाकलेली, त्यामुळे मशीन आत जाईना. तिथे काम करणारा ओळखीचा सुतार हसला, "कॉलेज सोडलेल्याला मोजमाप काय कळणार?" हातात पाना होता, अक्का! पूर्वीचा मी असतो तर तिथेच भिडलो असतो. पण ऋतिकाचे वडील म्हणालेत ना, वर्षभर एक नोकरी टिकव, मग लग्नाचं बोलू.  त्याच पान्याने मशीनचे पाय आत फिरवून उंची कमी केली, बरोबर सरकलं.

या नोकरीला अकरा महिने झाले. त्यांनी तिच्यासाठी दुसरं स्थळ पाहिलं नाही ना? खरं ते कळव. ऋतिका भेटली तर एवढंच सांग, योगराज आता ऐकून घ्यायला शिकलाय.

तुझाच,
योगराज